शून्य टाकलं की एक दिसायचं

नमस्कार मंडळी. पयलंच सांगतो, भूत, आत्मा, करणी असल्या गोष्टींवर आपला काडीचा विश्वास नव्हता. भीती वाटायची, ती गोष्ट वेगळी. मी पालीला भितो, इंजेक्शनला भितो — आन नोकरी करतो लसीकरणाच्या दवाखान्यात. बायको म्हणते, "तुमच्या अंगात यायला भूत काय खुळं हाय का? त्याला बी काय स्टॅन्डर्ड असतं." तर असा मी.

ह्या ग्रुपवरचे सगळ्यांचे अनुभव मी वाचतो... म्हंजी वाचत न्हाय, पोरगी वाचून दाखवते आन मी ऐकतो. आमची शाळा चौथीत सुटली. मी शाळा सोडली का शाळेनं मला, ह्यावर घरात अजून मतभेद हायेत. हे पन मी बोलतोय आन पोरगी टाईप करतेय. चुका दिसल्या तर तिच्या. खोटं वाटलं तर माझं नशीब.

पन खोटं न्हाय.

मी मूळचा साताऱ्याकडचा. राहायला घणसोली गावात, भाड्याच्या खोलीत. आधी मार्केटला कांद्याची पोती उचलायचो. एक दिवस पोत्यानं ठरवलं की आता आपण ह्याच्यावर बसू — कंबर गेली. मंग एका ओळखीनं सीवूड्सच्या पुढं, दिवाळे गावाच्या बाजूला एका छोट्या सरकारी दवाखान्यात शिपाई म्हणून लागलो. दवाखान्याचं नाव सांगत न्हाय, नोकरी कंत्राटी हाय. काम काय — झाडू मारायचा, नंबर लावायचे, लसीचा निळा डबा स्कूटरवर घेऊन इकडून तिकडं करायचा. सगळे मला मामा म्हणतात. डॉक्टर मॅडमपासून ते त्यांच्या आईपर्यंत.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर हाय. दवाखान्याचा एक फोन असतो, त्यात स्टॉकचं अ‍ॅप. कुठली लस किती बाटल्या शिल्लक, ते त्यात रोज टाकायचं. भरपूर असलं की हिरवं, कमी झालं की पिवळं, शून्य झालं की लाल. मला अक्षर येत न्हाय पन सिग्नल कळतो, म्हणून हे अ‍ॅप मला आवडायचं. लाल झालं की वरच्या ऑफिसला आपोआप समजतं, आन ज्या केंद्रात जास्त माल असंल तिथून तुमाला बाटल्या मिळतात. लाल न्हाय, तर बाटली न्हाय. टंचाई असली की वरचे फोन उचलत न्हाईत, फक्त रंग बघतात.

हे सगळं आधी शालन सिस्टरकडं होतं. आमच्याच भागातल्या, कोरेगावकडच्या. जिन्याखाली एक खोली, त्यात लसीचा फ्रिज. घरातल्यासारखा उभा न्हाय — आडवा, पेटीसारखा. वरून झाकण उघडायचं आन आत वाकून बघायचं. चावी त्यांच्या कमरेला. मला म्हणायच्या, "बबनराव, झाकण उघडं ठेवून तुमी गार वारा खाताय ते कळतं बरं का मला." खरं होतं. मे महिन्यात मी अर्धा त्या फ्रिजमध्येच राहायला असायचो.

शालन सिस्टरची एक खोड होती. आमच्याकडच्या जुन्या बायकांत असते बघा — तांदळाचा डबा, मिठाची बरणी, कधी पार तळाला जाऊ द्यायची न्हाय. आन 'संपलं' हा शब्द तोंडातनं काढायचा न्हाय. 'आणायला झालंय' म्हणायचं. संपलं म्हणलं की घरातली बरकत जाते. सिस्टरनी हा नियम सरकारी फ्रिजला लावला होता. कुठलीबी लस असू दे, शेवटची एक बाटली त्या वापरायच्याच न्हाईत. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायच्या. तारीख जवळ आली की ती काढायच्या आन नव्यातली एक तिथं जायची. खरंच कोन अडलेलं आलं तर ती उघडायच्या, पन दुसरी येईपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नसायचं.

त्यामुळं आमच्या अ‍ॅपमध्ये आकडा एकच्या खाली कधी गेलाच न्हाय. वरच्या मीटिंगमध्ये आमचं कौतुक — ह्या केंद्रात टंचाई नसते म्हणून. आन माल वाटायच्या टायमाला सगळ्यात शेवटी आमी. कौतुकावरच भागवायचं.

एकदा मी चेष्टेत बोल्लो, "सिस्टर, हा फ्रिज हाय का लोणच्याची बरणी?"

त्या हसल्या न्हाईत. फ्रिजच्या झाकणावर हात ठेवून बोलल्या, "नवीन नोकरीला लागले होते तवा एका बाईला परत पाठवली होती. लेकरू कडेवर. म्हणाले, संपलंय, उद्या या."

"मंग?"

"मंग काय. आली न्हाई."

एवढंच. लोणच्याची चेष्टा त्या दिवशी बंद केली. बाकीच्या चालू ठेवल्या.

गेल्या वर्षी शालन सिस्टर गेल्या. कावीळ झाली, रजा टाकली, घरचे गावाला घेऊन गेले, तिकडंच गेल्या. चावी त्यांच्या मालकांनी, म्हंजी नवऱ्यानं, आणून दिली. मी तो माणूस पयल्यांदा बघितला. चावी देऊन जाईना. म्हणला, "ती शेवटी शेवटी सारखी विचारायची, कोपऱ्यात हाय ना एक." मी म्हणलो, हाय. त्याला काय कळलं न्हाय, मला कळलं.

मंग आल्या प्रज्ञा सिस्टर. तरणी पोरगी, हुशार, आमची पोरगी रील फिरवते तसं ती अ‍ॅप फिरवायची. पयल्याच दिवशी तिला कोपऱ्यातली फडकी सापडली.

"मामा, हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. ती काय वाईट बोल्ली न्हाय. हळूच म्हणाली, "मामा, आपण अशी एक एक बाटली लपवली तर आपल्याकडे माल नाही हे वर कळणार कसं?"

बरोबर होतं तिचं. मला आधी कधी सुचलं न्हाय, पन मला तर बरंच काय सुचत न्हाय. तिनं सगळ्या बाटल्या मोकळ्या केल्या, आकड्यात घेतल्या, वापरल्या. फडकी मी नेली आन स्कूटर पुसायला लावली. असला मी भावनाशील माणूस.

त्यानंतर सुरू झालं.

पयल्यांदा गोवरची लस संपली तवा प्रज्ञा सिस्टरनी अ‍ॅपमध्ये शून्य टाकलं. लाल झालं. आमी चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर पिवळं — आन आकडा एक.

"मामा, फोनला हात लावला?"

"न्हाय."

"मामा..."

"लावला असंल."

मला शाळेपासून सवय हाय, दोनदा विचारलं की कबूल करायचं. तिनं परत शून्य टाकलं, फोनला पासवर्ड घातला. जरा येळानं परत एक. नंतर नंतर हे नेहमीचंच झालं. कुठलीबी लस संपली की शून्य टिकायचंच न्हाय. अ‍ॅपवाल्याला फोन केला, तो म्हणला नेट कमी हाय, खिडकीत ठेवा. खिडकीत ठेवला. एक. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की हा मामाच येता-जाता प्लसच्या बटणाला अंगठा लावतो. मला 'प्लस मामा' नाव पडलं. मी बी म्हणलं असंल, आपला अंगठा जाड हाय, हवेतनंच दाबला जात असंल.

एक गोष्ट मात्र मी कुणाला बोल्लो न्हाय. लस संपली असंल त्या दिवशी फ्रिजवर नुसता हात ठेवला, तरी झाकण कोमट लागायचं. मशीन तापतं तसं न्हाय. एखाद्या बाकड्यावरनं कोन आत्ताच उठून गेलं असंल आन आपण बसावं, तसं. आतलं थर्मामीटर बाहेर दिसतं, ते बरोबर दाखवायचं, सगळं ठीक. घरी बायकोला म्हणलं, आमच्या फ्रिजला ऊब लागते. ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवा. फ्रिजला न्हाय, तुमाला."

आता मागं वळून बघितलं की वाटतं, अ‍ॅपमध्ये एक दिसायचं तवा आमच्यातल्या एकानं बी झाकण उघडून आत बघितलं न्हाय. गरजच काय? संपलंय हे सगळ्यांना माहीत. रिकाम्या डब्यात कोन बघतं.

मंग कुत्रं चावल्याच्या लसीची टंचाई आली. सगळीकडंच. मेडिकलमध्ये न्हाय, मोठ्या हॉस्पिटलात रांग. त्याच दिवसांतली ही गोष्ट. दुपारची येळ, ओपीडी संपत आलेली. प्रज्ञा सिस्टर एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कॅम्पला गेलेली. दवाखान्यात डॉक्टर मॅडम, मी, आन आली हिराबाय.

हिराबाय दिवाळ्याची. मच्छी विकते. मला ओळखते, कारण मी तिच्याशी दरवेळी भाव करतो आन दरवेळी हरतो. तिच्यासोबत तिची नात, तन्वी. पयलीत असंल. मनगटाला पट्टी. जेटीजवळ मच्छी वाळत घालतात तिथं तिला कुत्र्यानं धरलं होतं. पयल्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात सगळं केलं होतं, दुसरी सुई आमच्याकडं झाली होती, आज तिसरी.

"बबन, पोरीची सुई हाय आज."

मी म्हणलो, "मावशी, लस न्हाय ओ. दुसऱ्या केंद्रात जाऊन बघा."

"तिथनाच आयले. ती बाय बोलली, तुमचे दवाखान्यान एक हाय, मोबाईलमदी दिसतंय. आमची लस ज्यांचे कडे काय नाय त्यांना. रिक्षानं परत धाडली मना."

मी मॅडमकडं घेऊन गेलो. मॅडम म्हणाल्या, बघते, फोन करते. तवा हिराबाय पदरानं तोंड पुसत बोल्ली, "मॅडम, तो कुत्रा मेला."

मॅडमनी मान वर केली. "कधी?"

"काल सकाली. तोंडातना फेस येत होता. पोरांनी पुरला."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी त्यांना इतक्या वर्सांपास्नं ओळखतो — त्या पेन खाली ठेवत न्हाईत. तन्वी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून पेपरवेट फिरवत होती. तिला काय माहीत.

"आजी, ही सुई आज चुकवायची नाही. कायपण करून आज," मॅडम म्हणाल्या. मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "मामा, हा आजार एकदा झाला की त्यावर काही नाही. काहीच नाही."

त्यांनी प्रज्ञा सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, मी सकाळीच शून्य टाकलंय. अ‍ॅप बघितलं — एक. पिवळं. वरच्या ऑफिसला लावला. स्पीकरवर होता, सगळं ऐकलं आमी. "मॅडम, तुमच्याकडे एक आहे. आधी ती वापरा."

"अहो नाहीये. मी सांगतेय ना."

"सिस्टीममध्ये आहे मॅडम. लाल असलेल्या केंद्रांची लाईन लागलीये. तुमचं पिवळं आहे."

फोन ठेवला. मॅडमनी जिन्याकडं बघितलं. मंग म्हणाल्या, "मामा, फ्रिज बघून या एकदा. असली तर देवच पावला."

मी गेलो. झाकणाला हात लावला, कोमट. उघडलं. आत पांढरं पांढरं रिकामं... आन कोपऱ्यात फडकं.

पांढरंशुभ्र. गुंडाळलेलं. मला आधी माझ्या स्कूटरची फडकी आठवली, ती तर केव्हाच काळी होऊन गेलेली. मी खाली वाकून उचललं. आत बाटली. आन मंडळी, ती बाटली फ्रिजमधली न्हवती. म्हंजी फ्रिजमध्येच होती, पन ऊन होती. मुठीत धरून बसल्यावर नाणं गरम होतं ना, तशी.

तरी मी पळत नेली. म्हणलं, असंल प्रज्ञा सिस्टरची नजरचूक. मॅडमनी हातात घेतली, उलटी केली, चष्मा काढून बघितलं. लेबल होतं, पन कोरं. मला तर सगळीच लेबलं कोरी, पन मॅडमला बी काय दिसंना.

"ही कुठून आणली?"

"फ्रिजमधनं."

"मामा, ही गरम आहे. ह्यावर ना नाव, ना तारीख. ही मी लेकराला टोचू?"

त्यांनी ती टेबलावरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये बाजूला ठेवली. मंग स्वतःच्या हातानं अ‍ॅपमध्ये शून्य टाकलं. लाल झालं. आमी दोघं त्या लालकडं बघत उभे. कुणाचाच हात फोनला न्हाय, माझे तर मी पाठीमागं बांधलेले. आन आमच्या डोळ्यांपुढं ते पिवळं झालं. एक.

मॅडमनी ट्रेकडं बघितलं. मी पन. ट्रे रिकामा.

"मामा, तुम्ही उचलली?"

"न्हाय मॅडम."

"मामा..."

आयुष्यात पयल्यांदा मी दुसऱ्या वेळेला बी न्हाय म्हणलं.

मॅडम परत फोन फिरवायला लागल्या, ह्याला, त्याला, कुठल्या कुठल्या ओळखीच्या डॉक्टरला. मी जिन्याखाली गेलो. का गेलो ठाऊक न्हाय. बसायला जागा पायजे होती, आन स्टूल त्याच खोलीत हाय. माझं शौर्य ते एवढंच.

झाकण उघडलं. कोपऱ्यात फडकं.

पाठीमागनं हिराबाय आली, पोरीचा हात धरून. "काय करतंस रं हितं? मॅडम तिथं फोनवर रडवेली झालीय."

मी तिला दाखवलं. सांगितलं पन, तोंडाला येईल तसं — शालन सिस्टरचं, तळाचं, ती बाई आन लेकरू परत पाठवल्याचं. म्हणलं आता ही मला येड्यात काढणार. पन हिराबाय वाकून बघत राहिली.

"म्हंजी तिला वाटतंय, कोन रिकामं जाऊ नये."

"व्हय."

"आनि तिचे ह्या एकामुलंच माझी पोर रिकामी चाललीय."

मी झाकण तसंच वर धरून ठेवलं.

हिराबाय म्हणाली, "मी पन पाटी पुरी रिकामी करून घरी येत नाय कधी. एक तरी बोंबील ठेवते. माझे सासूनं सांगलंय. पन पोर भुकेजून बसली त तो बोंबील काय पाटीला दाखवायला ठेवू?" मंग मला ढोसलं. "सांग तिला."

"मी?"

"मी वलखते काय तिला? तुझी बाय ती. तूच सांग."

आता बघा. माझ्यासारखा माणूस, ज्याला घरात रिमोट मागताना चाचरायला होतं, तो एका फ्रिजपुढं उभा. झाकण वर धरलंय, हात दुखतोय. आधी म्हणलं, "शालनताई, मी बबन." जसं काय फोनच लावलाय. मंग म्हणलं, "ताई, पोरगी हाय. तिला चावलेलं कुत्रं मेलंय. तुमी ठेवलेलं गरम झालंय ओ... मुठीत धरून बसलाय तुमी. ते टोचता येत न्हाय. आन ते हितं हाय तवर दुसरं मिळत न्हाय."

काय न्हाय. फ्रिजच्या मोटरीचा आवाज तेवढा.

मला कळलं होतं काय म्हणायचंय ते. पन जीभ उचलंना. माझ्या आईनं मला लहानपणी त्या शब्दापायी पळीनं हाणलंय. आन ह्या बाईपुढं तो शब्द काढायचा, म्हंजी तिला परत त्या दिवशी नेऊन उभं करायचं, त्या लेकुरवाळ्या बाईपुढं.

तन्वी म्हणाली, "आजी, पाय दुखतायत."

मी म्हणलं, "ताई, संपलं."

मोटर बंद पडली.

नुसती शांतता न्हाय. खोलीत कोनीतरी खूप येळ रोखलेला श्वास सोडला, अशी. मंग माझ्या तोंडावर गार वाफ आली, फ्रिजची, खरी — कित्येक महिन्यांत आली न्हवती. हिराबायनी पोरीला जवळ ओढलं. मी डोळे मिटले होते, हे कबूल करतो. उघडले तर कोपऱ्यात काय न्हाय. फडकं न्हाय, बाटली न्हाय. फक्त कडेला जो बर्फाचा थर असतो, त्यात एक खळगा. वितळलेला, गुळगुळीत. बाईमाणसाची मूठ मावंल एवढा.

मोटर परत सुरू झाली.

मी मॅडमकडं गेलो, म्हणलं, टाका शून्य. त्यांनी टाकलं. लाल. आमी वाट बघितली. लाल. मॅडम बाहेर जाऊन पाणी पिऊन आल्या, तरी लाल. मी जन्मात कधी लाल सिग्नल बघून एवढा खूश झालो न्हाय.

आन फोन वाजला. घणसोलीच्या केंद्रातली सिस्टर. "अहो, तुमचं आत्ता लाल झालं. इतके दिवस एक दाखवत होतात. आमच्याकडे आहेत थोड्या, वरून परवानगी आलीये. कोण येतंय न्यायला?"

पाम बीच रोडवरनं मी स्कूटर अशी मारली की... चला, खरं सांगतो, माझ्या स्कूटरला सायकलवाले बी हॉर्न देतात. पन गेलो आन आलो. डबा पायात, दोन्ही गुडघ्यांनी आवळून धरलेला. आलो तवा तन्वी बाकड्यावर आजीच्या मांडीवर झोपलेली. उठवून सुई दिली. ती रडली न्हाय. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो, मला सुई बघवत न्हाय. हिराबाय म्हणाली, "पोर गप हाय आनि हा बघ कसा कावरलाय."

तन्वीचे पुढचे डोस नीट झाले. पोरगी ठणठणीत हाय, शाळेत जाते, मला 'प्लस मामा' म्हणते. कोनी शिकवलं देव जाणे.

नंतर मी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ओलाव्यानं लेबलची शाई जाते कधी कधी. मी म्हणलं, आन ट्रेमधनं गेली ती? त्या म्हणाल्या, "मामा, चहा सांगा." अ‍ॅपवाल्याला विचारलं तर तो म्हणला, अपडेट आलं होतं, त्यानं ठीक झालं असंल. प्रज्ञा सिस्टरला सांगितलं, तिनं सगळं ऐकलं, आन दुसऱ्या दिवशी फ्रिज पुसताना तो खळगा तेवढा सोडून पुसला. पुढं बर्फ काढला तवा खळगा बी गेला.

आता आमचं अ‍ॅप बरोबर चालतं. शून्य टाकलं की शून्य. लाल झालं की माल येतो, पयल्यापेक्षा लवकर येतो. सगळे खूश हायेत. मी पन हाय... असायला पायजे.

पन मला एक सांगा. जी बाई मेल्यावर बी कुणाला रिकामं जाऊ देत न्हवती, तिला मी रिकाम्या हातानं घालवली. चूक केलं का बरोबर, तन्वीकडं बघितलं की बरोबर वाटतं. जिन्याखाली गेलो की वाटत न्हाय. ती कुठं गेली असंल? का तिथं कधी कोन न्हवतंच, आन हिराबाय आन मी दोघांनी उन्हानं तसं बघितलं? मॅडमनी बी बघितलं होतं ओ. तुमच्यात कोन शिकलेलं असंल, काय सुचलं तर कळवा. खिल्ली उडवली तरी चालंल, सवय हाय.

हल्ली मी फ्रिज उघडायच्या आधी झाकणावर दोनदा टकटक करतो. प्रज्ञा सिस्टर हसते, म्हणते, मामा, आतून कोणी हो म्हणालं तर पळाल.

पळंन की. त्याची भीती न्हाय मला. मी टकटक करतो, थांबतो, ऐकतो... आन रोज कोनच काय म्हणत न्हाय.